मंत्र्याची एकुलती एक लेक

“हे लग्न लागणार नाही,” पाद्रीबाबा म्हणाले आणि त्यांनी कॉफीचा कप बशीत ठेवला. “तुम्हा दोघांना एकाच हातानं तेल लागलंय. तुम्ही बहीणभाऊ ठरता.”

मिर्सिनी कॉफीच्या दुकानाच्या दारात उभी होती. बायका सहसा तिथं पाऊल टाकत नसत. पण रविवारी लग्न, अंगणात बोकड बांधलेले, आणि असला निरोप आल्यावर घरात बसवेल कुणाला? तिच्यामागे आई होती. आईच्या मागे स्त्रातीस, नवरदेव. त्याचा चेहरा जाळ्यातून नुकत्याच काढलेल्या माशासारखा झाला होता.

बेटावरचा रिवाज साधा होता. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला तेल लावून जो नाव ठेवतो, तो त्याचा दुसरा बाप आणि त्या घराचा सोयरा. एका बापाच्या दोन लेकरांचं लग्न होत नाही. मंत्री कांदार्जिसला हे चांगलंच ठाऊक होतं. या बेटानं अथेन्सला धाडलेला तो सगळ्यात मोठा माणूस. आता धक्क्यावर त्याचा पुतळा होता आणि त्याच्या डोक्यावर कायम एक सीगल बसलेला असायचा. हयातीत त्यानं बेटावरच्या निम्म्या पोरांना तेल लावलं, स्त्रातीसलाही. पोर मोठं झालं की मत पक्कं, आणि पोराच्या बापाचं तर त्याच दिवशी पक्कं. मुलींचा धर्मपिता मात्र तो कधी झाला नाही. झाला असता, तर बेटावर कुणाचं लग्नच जमलं नसतं.

फक्त एक मुलगी सोडून.

“माझ्या नातीसाठी मंत्र्यांनी नियम मोडला,” आजोबा प्रोकोपिस याच दुकानात, याच खुर्चीत बसून सांगायचे. ते मंत्र्याच्या पक्षाचे गावातले पुढारी. पोस्टर त्यांनी चिकटवायची, मिरवणुकीत पुढे त्यांनी चालायचं. मिर्सिनी ही गोष्ट ऐकतच मोठी झाली होती. शाळेत भांडण झालं की ती हनुवटी वर करून म्हणायची, मी मंत्र्यांची एकुलती एक लेक आहे. आता तीच गोष्ट तिच्या गळ्याशी आली होती. तिचा बाप्तिस्मा झालेल्या मठातले कागद केव्हाच आगीत गेले होते. आणि सगळ्या गावानं शेकडो वेळा ऐकलेल्या गोष्टीला पुरावा मागतो कोण?

“मग मी लग्न कुणाशी करू?” ती म्हणाली. “पुतळ्याशी?”

“पुतळाही चालणार नाही, बाप आहे तुझा,” न्हावी कोपऱ्यातून म्हणाला. दोघं-तिघं हसले.

“आजोबा, तुम्ही बोला ना. मंत्री नियम मोडू शकतात, मग पाद्रीबाबांनी एकदा मोडला तर काय बिघडलं?”

आजोबा कपाच्या तळातला गाळ बघत बसले. असं ते कधी करत नसत. बोलायची संधी त्यांनी आयुष्यात सोडली नव्हती.

“बाबा,” आई म्हणाली, “तुम्ही सांगता की मी सांगू?”

मिर्सिनीनं वळून आईकडे पाहिलं. आईचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण डोळे चक्क हसत होते.

आजोबा उठले. टोपी काढली, पुन्हा घातली.

“त्या दिवशी वारा सुटला होता,” ते म्हणाले. “नवस होता म्हणून बाप्तिस्मा पलीकडच्या किनाऱ्यावर, मठात. आम्ही घरचीच माणसं. मंत्र्यांची बोट आलीच नाही. पाणी गार पडलं, पोर रडून लालबुंद. आणि मेणबत्ती लावायला तिथं एकच परका माणूस आला होता.”

“कोण?” पाद्रीबाबांनी विचारलं.

“मुताफिस,” आजोबा म्हणाले.

दुकानातले पत्ते, गप्पा, चमचे, सगळं थांबलं. मुताफिस म्हणजे मंत्र्याचा निवडणुकीतला जन्माचा वैरी. बेटावर नळ आणले ते त्यानं, पण या गावात त्याचं नाव घेऊन कुणी पाणीसुद्धा पीत नसे.

“त्यानं कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि पोरीला तेल लावलं,” आजोबा म्हणाले. “नाव विचारलं आणि ठेवलं. जाताना म्हणाला, प्रोकोपिस, तुझी अडचण होत असेल तर मी इथं आलोच नव्हतो.”

मिर्सिनीला एकदम हलकं वाटलं. ती मंत्र्याची लेक नव्हती! आयुष्यभराचा तोरा एका क्षणात गेला आणि तिला त्याची काडीमात्र खंत वाटली नाही. स्त्रातीसनं सगळ्यांसमोर तिचा हात धरला. पाद्रीबाबा हसून म्हणाले, “मग रविवारी भेटू.” आईनं डोळे पुसत आजोबांच्या टोपीवरूनच त्यांचा मुका घेतला. दुकानदारानं सगळ्यांसाठी ऊझो दारूची बाटली उघडली आणि बडीशेपेचा वास दारापर्यंत दरवळला.

एकटा न्हावी ग्लास हातात धरून तसाच बसला होता.

“थांबा,” तो म्हणाला. “प्रोकोपिस, दर निवडणुकीला आपल्या गावच्या पेटीतून सगळी मतं मंत्र्याची निघायची आणि एक मुताफिसचं. एकच. ते कुणाचं, यावरून मी माझ्या सख्ख्या मेव्हण्याशी वीस वर्षं बोललेलो नाही.”

सगळ्या माना आजोबांकडे वळल्या. मिर्सिनीचीही.

आजोबांनी शांतपणे ग्लास उचलला.

“भाषणं मी मंत्र्यासाठीच केली,” ते म्हणाले. “मत सोयऱ्याला दिलं.”