पान न उलटता

साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली आणि वेणूबाईच्या मागं नसता व्याप लागला. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात दुपारी कोळंबी सोलत बसलेल्या बायकांना कादंबरी वाचून दाखवायची आणि वर त्यांची मतंही ऐकायची. “मागली बरी व्हती, नवरा घरला आला. ही निसती रडकी!” शेवटी कंटाळून तिनं शेवटच बदलायला घेतले. पुस्तकातला नवरा समुद्रात बुडाला, तरी तिच्या तोंडून तो पोहत किनाऱ्याला लागायचा. बायका खूश, वेणूबाई मोकळी.

शिमग्यानंतर त्या बायकांतल्याच गोदूच्या नवऱ्याची होडी बुडाली; तो परतला नाही. महिन्याभरानं गोदू पुन्हा कोळंबी सोलायला आली, आणि नेमका त्याच दिवशी कादंबरीतला नवरा वादळात सापडला. वेणूबाईनं सुस्कारा सोडला आणि सवयीनं त्याला किनाऱ्याकडे वळवलं. तोच गोदूनं आपला ओला हात पुस्तकावर ठेवला.

“तू बनवून सांगतेस तवा पान उलटीत न्हाईस, वेणूबाय. समद्यांना ठावं हाय.”

वेणूबाईचं बोट अजून त्याच पानावर होतं.



“आज छापलंय तसंच वाच,” गोदू म्हणाली. “नवरा गेल्यावर ती बाय जगली कशी, ते मना आयकायचंय.”