नवी काच

अंगठा लागेना.

तिने नवऱ्याचा उजवा अंगठा रुमालाने पुसला आणि पुन्हा फोनच्या काचेवर टेकवला. ओळख पटली नाही. पुन्हा पुसला, पुन्हा टेकवला. फोनचं आपलं एकच पालुपद. शेवटी त्याने थोडा वेळ थांबा म्हणून सांगितलं, तसा तिचा पाराच चढला.

“बघितलंत ना?” पलंगावरच्या नवऱ्याला ती म्हणाली. “त्या दुकानवाल्याने नवा गार्ड काय लावला, हा फोन आता घरच्या धन्यालाच ओळखेना झालाय!”

नवरा काही बोलला नाही. बोलणार कुठून? पक्षाघाताचा झटका आला तेव्हा वाचा गेली आणि मानेखालचं सगळं अंगही गेलं. डोळे तेवढे राहिले. “त्यांना ऐकू येतं, कळतंही सगळं,” डॉक्टर म्हणाले होते. “आतून ते शाबूत आहेत. एखादं बोट जरी हललं तरी मला लगेच कळवा.” त्या एका बोटाकडे सगळं घर डोळे लावून बसलं होतं. सासूबाई तर उठता-बसता त्याच्या हातांकडेच बघायच्या.

तो वायरमन होता. लिहायचा भारी कंटाळा. कामाची आठवण राहावी म्हणून फोनमध्ये बोलून ठेवायचा. “चौथा मजला, डावीकडचं घर. पंखा घरघरतोय. आजीबाई गप्पांत धरून ठेवतात, शिडीवरून उतरायचंच नाही. आणि हो, हिच्यासाठी खोकल्याच्या गोळ्या. बया खोकत राहील, पण सांगायची नाही.” मग स्वतःच्याच बोलण्यावर फिदीफिदी हसायचा.

त्याचा आवाज आता तेवढाच उरला होता, त्या फोनमध्ये. तो कानावर पडला की तिला पुढचा दिवस ढकलायचं बळ यायचं. रोज सकाळी त्याचं अंग पुसून झालं की ती अंगठा टेकवून फोन उघडायची आणि त्याच्या उशाशी ठेवायची. “ऐकायचंय ना?” असं विचारायची आणि “ऐकायचंय तर!” हे उत्तरही तीच द्यायची. शिडीवरचा तो हसायला लागला की पलंगावरच्या त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं. किती बरं वाटतंय माणसाला, असं वाटून तिचेही डोळे भरून यायचे.

पिन त्यालाच ठाऊक. तिने कधी विचारला नव्हता. बायकोने नवऱ्याच्या फोनचा पिन विचारायचा म्हणजे त्याच्यावर संशयच घ्यायचा, असं तिचं आपलं साधं गणित. ते आता तिला भोवत होतं.

परवा अंगठा टेकवता टेकवताच फोन खाली पडला. कसा निसटला तिलाच कळलं नाही; हात ओला असेल. गार्डला तडा गेला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. काल ती दुकानात गेली.

“दादा, या गार्डचा खरंच काही उपयोग असतो का, की उगीच आपली हौस?”

“ताई, फोन पडला की मार गार्ड खातो. आतलं सगळं शाबूत राहतं.”

शाबूत म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. लाव म्हणाली.

आणि आज हे असं. ती तरातरा चालत पुन्हा दुकानात गेली.

“तुमच्या त्या काचेने माझं वाटोळं केलं,” तिने फोन दुकानवाल्यापुढे आदळला. “यांचा अंगठाच लागत नाही, आता यांचा आवाज ऐकायचा कसा?”

दुकानवाल्याने फोन उजेडात तिरपा धरून पाहिला. मग खिशातून स्वतःचा काढला. त्यावरही तशीच काच होती. त्याने अंगठा टेकवला, फोन चटकन उघडला.

“पातळ काच आहे, ताई. अंगठ्याला आडवी येत नाही.”

“मग काय, यांचा अंगठा बदलला?”

तिने काढायला लावली तशी त्याने नवी काच मुकाट्याने सोलून काढली. “उघडला की तसाच घेऊन या,” तो म्हणाला. “आवाज सगळे दुसरीकडे उतरवून देतो. मग घोर नको.”

घरी सासूबाई लेकाच्या उशाशी बसल्या होत्या. तिने पलंगाच्या कडेला बसून त्याचा हात मांडीवर घेतला. रोज ती फोनकडे बघायची, उघडतोय का, उघडतोय का म्हणून. आज दुकानवाल्याचं बोलणं डोक्यातून जाईना. ती अंगठ्याकडे बघत राहिली.

अंगठा काचेजवळ आला. टेकणार, तोच जरासा वळला. काचेला लागली ती नखाची कड. तिने तो सरळ केला. तो पुन्हा वळला. थरथरत, सगळा जीव एकवटून वळला.

“अगं, हलला!” सासूबाई किंचाळल्याच. “हलला गं माझ्या लेकाचा हात! डॉक्टरांना कळव आधी!” आणि रडत, हसत, अनवाणीच त्या शेजारी सांगायला धावल्या.

ती जागची हलली नाही. परवा फोन कसा निसटला, ते तिला आता कळलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अगदी रोजच्यासारखं.

“ऐकायचं नाहीये?” तिने विचारलं, आणि आज पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबली.

त्याने अंगठा हळूहळू तळव्यात मिटून घेतला.