तारेखालची रांग

"अरे लाबा, आकडी आडवी कर! वर तार आहे!"

केवा म्हातारी ओरडली तशी पेनी, तिची सून, खुदकन हसली. दोघी पामच्या झाडांखाली वाकून सुटी पडलेली फळं गोणीत भरत होत्या. पुढे लाबा अॅल्युमिनियमची लांबलचक आकडी उभीच धरून या झाडाकडून त्या झाडाकडे चालला होता. टोकाचा विळा उन्हात लखलखत होता.

"आई, ही आडवी करायची, पुन्हा उभी करायची, तोवर घड झाडावरच म्हातारा होईल. तुझ्यासारखा."

"म्हातारी असले तरी डोळे शाबूत आहेत माझे. तू बघणार घडाकडे. मग तारेकडे कोण बघणार, तुझा बाप?"

"बाप वरच गेलाय की. बघेल तो."

"असलं बोलू नये हो," पेनी म्हणाली आणि तिनं छातीवर क्रूस काढला.

रस्त्यावरून मुकादम डोमीनं हाक दिली. तो त्यांच्याच गावचा, त्यांच्याच होडीतून इकडे आलेला. "लाबा, गप्पा जेवताना मार! ट्रक दुपारीच येतोय. ही रांग आधी उरक."

लाबा निघाला. चालताना गुणगुणत होता. रविवारच्या प्रार्थनेत पहिला सूर त्याचाच असायचा. तो लावायचा आणि मग सगळी चाळ त्याच्यामागून गायची. मान वर, नजर पुढच्या झाडावरच्या लालभडक घडावर.

आवाज फार मोठा झाला नाही. नवं कापड टर्रकन फाडावं, तेवढाच. गाणं मध्येच तुटलं.

लाबा आडवा झाला होता. आकडीचं वरचं टोक तारेला टेकलेलं, खालचं त्याच्या मुठीत. अंग थडथडत होतं.

पेनी गोणी टाकून धावली. केवाही धावली, पण लाबाकडे नाही. तिनं सुनेला मागून गाठलं आणि तिच्या कमरेला दोन्ही हातांची मिठी मारली.

"सोडा! आई, सोडा मला! ते हलतायत अजून!"

"तो नाही हलत, पोरी. करंट हलवतोय."

गेल्या महिन्यात पलीकडच्या मळ्यात असाच एकजण चिकटला होता. त्याला ओढायला त्याचा भाऊ गेला आणि त्याच्याच अंगावर पडला. दोघांच्या शवपेट्या एकाच होडीतून गावी गेल्या. त्यानंतर डोमीनं सकाळच्या हजेरीला सगळ्यांना बजावलं होतं, हात लावायचा नाही, जवळसुद्धा जायचं नाही, मग आई असो की बायको. केवा तेव्हा मनात म्हणाली होती, मेल्या, आईला असं सांगायला तुझी जीभ तरी कशी वळते?

पेनीनं लाथा झाडल्या. तिचा हात ओरबाडला. मग मनगटाला कडकडून चावली. "तुम्ही आई नाही! कुणाचीच आई नाही तुम्ही!"

केवानं टाचा चिखलात रोवल्या आणि डोळे मिटून मारिया माउलीचा धावा सुरू केला. माझ्या लेकराला वाचव, एवढंच तिला म्हणायचं होतं. तोंडातून मात्र भलतंच येत होतं. "माउली, माझ्या हातांत बळ दे. माउली, हातांत बळ दे."

बाकीचे मजूर जमले, पण लांबच. डोमी फोन कानाला लावून ओरडत होता, विजेच्या माणसाला शिव्या घालत होता, हात जोडत होता. जळका वास आता सगळ्या रांगेत पसरला होता. कुणीतरी टोपी काढली.

केव्हातरी अंगाची थडथड थांबली. पेनीचा आवाजही बसला. ती सासूच्या हातांत ओल्या कपड्यासारखी लोंबकळत राहिली. केवाची मिठी तशीच.

डोमी धापा टाकत आला. त्याचे डोळे भरले होते.

"मावशी, बंद केला. आत्ताच फोन आला. करंट बंद केलाय. सोडा आता तिला, जाऊ द्या तिला त्याच्याजवळ."

ते ऐकताच पेनीनं पुन्हा उसळी घेतली. केवानं डोळे उघडले. लाबाकडे नाही, तिनं डोमीकडे बघितलं.

"नक्की बंद झालाय?"

"देवाशपथ, मावशी."

"मग आधी तू लाव हात."

डोमी लाबाकडे गेला. जवळ जाऊन वाकला. मान वर करून तारेकडे बघितलं. हात पुढे केला, आणि मागे घेऊन पँटीला पुसला.

केवानं सुनेच्या कमरेची मिठी आणखी आवळली.