खुर्चीने सांगितलेलं कारण

शोरूममधल्या मन वाचणाऱ्या खुर्चीत बसून हेमांगीताईंनी तिची सेन्सरची पट्टी कपाळाला बांधून घेतली. इलेक्ट्रिक गाडी घेण्यामागचं गिऱ्हाइकाचं खरं कारण ही खुर्ची सांगायची, आणि त्यानंतरच गाडी विकली जायची.

"माझं कारण मला ठाऊक आहे. धूर नको," त्या म्हणाल्या.

खुर्चीला जोडलेल्या स्क्रीनवरचं उत्तर पाहून विक्रेती रुबिना चक्रावली. "धूर, किंमत, चार्जिंग यांचा फारसा वाटा नाही, मॅडम. इथे नुसतं 'आवाज' आलंय. पण या गाडीला तर आवाजच नाही."

हेमांगीताई विचारात पडल्या. मग त्यांची नजर शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे गेली. घशाच्या ऑपरेशननंतर अनंतरावांचा आवाज कुजबुजीएवढाच उरला होता. जुन्या डिझेल गाडीच्या घरघरीत तो ऐकूच येत नसे. हेमांगीताईंनी "काय?" विचारलं की ते "काही नाही" म्हणायचे. हळूहळू अनंतरावांनी प्रवासात बोलणंच सोडलं होतं.

"आधी एक चक्कर मारून बघते," म्हणत हेमांगीताईंनी रुबिनाकडून किल्ली घेतली आणि अनंतरावांना शेजारी बसवलं.

वाशिष्ठीच्या पुलावर अनंतराव कुजबुजले, "यंदा नदीला पाणी कमीच दिसतंय."

"हो ना, कमीच आहे," हेमांगीताई म्हणाल्या, आणि शोरूमकडे न वळता त्यांनी गाडी सरळ घाटाकडे घेतली.