गाळलेला आवाज

प्राजक्ताआजींनी कानातली चाळणी काढून दुकानाच्या काउंटरवर ठेवली. नकोसे आवाज गाळणारी ही चाळणी आता घरोघरी झाली होती.

“काय बिघडलंय?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

“काही नाही. माझ्या नवऱ्याचं, मंदारचं, सकाळचं खाकरणं तेवढं परत चालू कर.”

“आजी, तुम्हीच तर वैतागून बंद करून घेतलंत ना!”

“घेतलं. गेल्या आठवड्यात मंदार बाथरूममध्ये घसरून बेशुद्ध पडला आणि मी अर्धा तास खुशाल शब्दकोडं सोडवत बसले. खाकरणं थांबलंय, हे मला कळणार कसं?”

मुलीने चाळणीचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून दणदणीत खाकरणं ऐकू आलं.

“शी! शेजारी काय म्हणतील!” असं ओरडून प्राजक्ताआजींनी निश्चिंतपणे चहाचं आधण ठेवलं.