मानेवरची रेघ

कात्री हवेतच दोनदा वाजली आणि थांबली. मास्तरांचा अजून एक केसही कापला गेला नव्हता. दादांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, घड्याळ नीट केल्यासारखं केलं आणि समोरच्या आरशात पाहिलं. मास्तर डोळे मिटून निवांत बसले होते.

हाताचं हे थरथरणं दोन वर्षांचं. वस्तरा तर दादांनी केव्हाच कपाटात ठेवून दिला होता. ‘दाढी बंद, फक्त केस’ असं पाटीवर लिहूनही टाकलं होतं. पण आता कात्रीही ऐकेनाशी झाली होती, आणि पंधरा दिवस दादांच्या डोक्यात एकच भुंगा गुणगुणत होता. सलून चालू ठेवायचं की बंद करायचं?

चालू ठेवावं, तर आपण चांगल्या माणसांचा केसाने गळा कापतोय असं वाटायचं. बिचारे ओळखीपायी डोकं पुढे करतात आणि आपण त्यांचं हसू करून घरी पाठवतो. बंद करावं, तर सकाळी उठून करायचं काय? चाळीस वर्षं या खुर्चीमागे उभं राहण्यात गेली होती. खुर्चीत बसलेला माणूस सगळ्यांना दिसतो, मागे उभा असलेला खुर्ची गेली की कुणालाच दिसत नाही, ही दादांची खरी भीती होती. सकाळी बंद, दुपारी चालू, आणि चहाच्या प्रत्येक कपाला नवा निकाल. शेवटी बायको वैतागली.

"अहो, एकच डोकं मिळालंय माणसाला," ती म्हणाली. "असं खाजवत राहिलात तर त्यावरचे उरलेसुरले चारही जातील. पोरीला विचारा ना एकदा."

पोरगीही याच धंद्यातली. इथेच स्टुलावर उभी राहून ती दादांच्या हाताखाली तयार झाली होती, आणि आता पोस्टामागच्या गल्लीत तिचं स्वतःचं सलून होतं. आज सकाळी निघता निघता दादांनी तिच्यापुढे विषय काढला.

"तुमचं मन काय म्हणतं, बाबा?" तिने उलट विचारलं.

"मनाचं काय घेऊन बसलीस? ते घटकेत हो म्हणतं, घटकेत नाही."

"मग गिऱ्हाइकांच्या डोक्यांना विचारा. तुम्हीच सांगायचात ना, माणूस तोंडदेखलं बोलेल, केस तसं बोलणार नाहीत."

दादांना हे एकदम पटलं. धंद्यातली जुनी गोष्ट होती ती. ताजे कापलेले केस पाणी लावून कसेही बसवता येतात. कारागीर कळतो तो महिन्याभराने, केस वाढल्यावर. कात्री वाकडी चालली असेल, तर वाढलेले केस चुगली केल्याशिवाय राहत नाहीत. आणि दादांची ही गिऱ्हाइकं म्हणजे शब्दाची पक्की, दुसऱ्या कुणापुढे मान तुकवणारी नव्हेत.

म्हणून आज दादा कापायच्या आधी तपासत होते. पहिला बेकरीवाला. त्याच्या मानेवरून ओला कंगवा फिरवला, तर रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी. दुसरा पोस्टमन. त्याचीही तशीच. आता तिसरे मास्तर. दादांनी श्वास रोखून कंगवा फिरवला. रेघ सरळ होती. एवढंच नाही, उजव्या कानामागे केस किंचित तिरपे सोडायची दादांची खास लकब, तीही जिथल्या तिथे होती.

दादांना इतका आनंद झाला की त्यांनी कंगवा पुन्हा एकदा फिरवून पाहिला.

"मास्तर, एक खरं सांगाल? माझा हात बिघडलाय का हो?"

मास्तरांनी एक डोळा उघडला. "दादा, उभा जन्म पोरांना चित्रकला शिकवण्यात गेला माझा. रेघ सरळ की वाकडी, एवढं मला कळतं. माझ्या रेघेत काही खोट दिसली का तुम्हाला?"

"छे! एकदम सरळ आहे."

"मग झालं तर. केस कापून घरी पोचलो की आमची ही दर वेळी म्हणते, काय सुरेख कापलेत."

दादा कामाला लागले. कात्री एकदा उडाली, मग पुन्हा उडाली, पण आज त्यांनी ते मनावर घेतलं नाही. वाढल्यावर सगळं सरळ येतं, हे आता सिद्ध झालं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते काही खोटं नाही, असं म्हणत त्यांनी मास्तरांच्या खांद्यावरचे केस झटकले.

"मागून आरसा धरू?"

"आरसा कशाला? भरवसा आहे तुमच्यावर." मास्तरांनी खिशातून लोकरीची टोपी काढून कानांपर्यंत ओढली.

"एवढ्या उन्हात टोपी?"

"कान गार पडतात हो."

दादा हसले. हल्ली सगळ्याच गिऱ्हाइकांचे कान गार पडत होते. सगळ्यांचंच वय झालंय, दुसरं काय!

"मास्तर, ठरलं माझं," ते दारात येऊन म्हणाले. "अजून पाच वर्षं तरी ही कात्री खाली ठेवत नाही."

मास्तरांनी टोपी नीट केली. "छान झालं," ते म्हणाले, आणि ते मनापासून होतं. मग ते घराकडे न वळता पोस्टाच्या दिशेने चालू लागले. टपालाचं काही काम असेल, असं म्हणून दादांनी शीळ घालत खुर्ची पुसायला घेतली.

पोस्टामागच्या गल्लीत बेकरीवाला नुकताच उठून गेला होता आणि पोस्टमन टोपी मांडीवर घेऊन खुर्चीत बसला होता. मास्तर बाकावर टेकले. "पोरी, तुझ्या बाबांचं ठरलं एकदाचं. अजून पाच वर्षं." "मग आपलीही पाच," ती हसून म्हणाली, कंगवा ओला केला, आणि पोस्टमनच्या मानेवरची वाकडी रेघ दर महिन्यासारखी बाबांच्या पद्धतीने सरळ करायला घेतली.