दुसरी डबी

जपानमधल्या कानाझावाच्या डॉक्टरीणबाई पोटातल्या जंतूंचा संधिवाताशी संबंध आहे का, ते तपासत होत्या. रुग्णांच्या घरातल्या प्रत्येकाच्या शौचाचा नमुना हवा होता. एकट्या राहणाऱ्या त्सुयाकोआजींनी मात्र दोन डब्या आणल्या. दुसरीत मुळ्याच्या लोणच्याच्या मडक्यातला, मुळे ज्यात पुरून मुरवतात तो तांदळाचा आंबूस कोंडा निघाला. “हे काय, आजी?” “ह्यांचा नमुना.” “अहो, आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली!” “माझी बोटं आखडल्यापासून मडकं रोज तेच ढवळायचे, उघड्या हातानं. त्यांचे जंतू असतील की त्यात. मी पळीनंच ढवळते. माझा हात लागला, तर त्यांचा पुसला जाईल.” डॉक्टरीणबाईंनी कोंडा हुंगला. “वास फिरलाय, आजी. पळीनं तळापर्यंत ढवळला जात नाही, असा नाही टिकायचा हा. हात घाला, नाहीतर आजोबा यातूनही जातील.” घरी आल्यावर आजींनी मडक्याचं झाकण काढलं, बाही वर सारली आणि वाकडी बोटं गार कोंड्यात खुपसली. “सरका जरा.”